तिसऱ्या आवृत्तीतली बाई

आमच्या ग्रंथालयात तिला सगळे दुर्बीण म्हणायचे. तोंडावर ताई, पाठीमागे दुर्बीण. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. एकदा तिच्याकडे जायच्या खोक्यावर कुणीतरी खडूने ‘दुर्बीणीकडे’ असं लिहिलं होतं. तिने ते पुसलं नाही, फक्त ‘बी’ची वेलांटी पहिली केली आणि खोकं उचललं.

मी खालच्या मजल्यावर बाइंडिंगला. पाठ मोडलेली, पानं सुटलेली पुस्तकं माझ्याकडे येतात. ती वर, चित्रपटांच्या विभागात. एका चित्रपटाच्या दोन-तीन आवृत्त्या जमल्या, कुठे जुनी कॅसेट, कुठे डीव्हीडी, कुठे नवी ब्लू-रे, की त्यातली कोणती ठेवायची आणि कोणती काढायची हे ठरवायचं काम तिचं. कपाटं तेवढीच आणि खोकी वाढत चाललेली. बाकीच्या ग्रंथालयांत हे काम कव्हर बघून उरकतात. आमची ताई दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडायची, दोन्हीकडे चित्रपट एकाच क्षणाला सुरू करायची आणि वहीत फरक लिहीत बसायची. रंग, आवाज, कापलेले प्रसंग, चुकलेली सबटायटल्स. एका चित्रपटात नायकाच्या शर्टाची गुंडी एका आवृत्तीत लावलेली आणि दुसरीत उघडी आहे हे तिने शोधून काढलं, तेव्हा ग्रंथपालसाहेब म्हणाले होते, “ताई, नायकाला माहीत नसेल ते तुम्हाला माहीत.”

बावन्न वर्षांची, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. लग्नाचं आधी जमलं नाही आणि नंतर जमवायचं राहून गेलं. आईवडील गेल्यावर ती धाकट्या भावाकडे राहायला आली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. भाऊ, भावजय आणि ही. भांडण नाही, तंटा नाही. भावजय शिवणकाम शिकवायची. आधी घरी मुली येत, नंतर फोनच्या कॅमेऱ्यासमोर. ताईची खोली सगळ्यात मागे. तिथून एक लांबडा पॅसेज, मग हॉल, मग बाहेरचं दार.

तिच्या स्वभावातली एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. तिच्या पावलांना आवाज नव्हता. आणि कुणी बोलत असलं, काही करत असलं, तर ती मध्ये तोंड उघडायची नाही. बाजूला उभी राहायची, आपला नंबर लागेपर्यंत. मी पुस्तकाला खळ लावून दाबयंत्राचा दांडा फिरवावा, घाम पुसावा आणि वळून बघावं, तर ही दारात उभी. कितीदा तरी दचकले असेन.

“कधी आलात?”

“ही काय, आत्ताच.”

मला ते खरंच वाटायचं.

तर त्या वर्षी तिच्याकडे एका कोरियन चित्रपटाच्या तीन आवृत्त्या आल्या. कॅसेट कुणाच्या तरी घर आवरण्यातून, डीव्हीडी आमचीच, आणि ब्लू-रे नवीन घेतलेली. गोष्ट साधी. नवरा-बायकोचं वेगळं व्हायचं ठरलंय, पण भाड्याच्या घराचा करार संपायला चाळीस दिवस आहेत. तेवढे दिवस एकाच घरात काढायचे. जेवायचं टेबल एकच, म्हणून ती सातला जेवते आणि तो आठला. मग एक दिवस तिला उशीर होतो, तो कामावरून लवकर सुटतो, आणि दोघं समोरासमोर येऊन बसतात. चाळिसाव्या दिवशी ती जाते. बस. मारामारी नाही, गाणं नाही. टेबलावरचे हे प्रसंग एकंदर पाच, आणि पाचही एकाच जागेवरून घेतलेले. समोर टेबल, मागे भिंत, आणि डाव्या कडेला घराचा आतला पॅसेज.

ताई त्या चित्रपटावर बेहद्द खूश होती. जेवायच्या सुट्टीत माझ्याकडे डबा घेऊन यायची आणि सांगत सुटायची. सबटायटल्सचंच बघ ना, म्हणाली. शेवटी बायको दारात उभी राहून एक शब्द बोलते. कॅसेटमध्ये खाली इंग्रजीत येतं त्याचा अर्थ, ‘निघाले.’ डीव्हीडीत येतं, ‘जाते मी.’ आणि नव्या ब्लू-रेमध्ये, ‘जाऊन येते.’

“मग खरं काय?” मी विचारलं.

“शब्दकोश काढून बघितलं. घरातून बाहेर पडताना त्यांच्याकडेही ‘जाऊन येते’च म्हणतात. कायमची निघालेली बाई तोंडातून सवयीने ‘येते’ म्हणते. आणि दोन आवृत्त्यांमध्ये ते मारूनच टाकलं की गं!”

दोन दिवसांनी दुपारी तिने खाली फोन केला. “वर ये. हातातलं ठेवून ये.”

तिच्या खोलीची खिडकी काळ्या कापडाने झाकलेली असायची. दोन पडदे उजळलेले, दोन्हीवर तोच प्रसंग थांबवलेला. एकीकडे डीव्हीडी, दुसरीकडे ब्लू-रे. बायको एकटी जेवतेय.

“काय दिसतं?”

“टेबल. बाई. वाडगा.”

“डावीकडे.”

“अंधार.”

“हा डीव्हीडीतला. आता या पडद्यावर बघ.”

बघितलं. नव्या आवृत्तीसाठी मूळ फिल्मवरून सगळं पुन्हा काढलं होतं, तिने मागेच सांगितलं होतं मला. त्यामुळे जिथे आधी नुसता काळा पट्टा होता तिथे आता पॅसेज दिसत होता. फरशी, एक बंद दार, टांगलेली छत्री. आणि अगदी टोकाला काहीतरी उभट.

“कपडे टांगायचा स्टँड असेल,” मी म्हटलं.

“बघत राहा.”

तिने चित्र चालू केलं. बायको सावकाश जेवत होती. मी त्या उभट गोष्टीकडे बघत होते. मिनिट गेलं असेल. बायको वाडगा उचलून उठली, आणि त्या गोष्टीने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला.

माझ्या बोटांवरची खळ बोटांवरच वाळली. चित्र पुढे गेलं, रस्ता, बस, दवाखाना, आणि आम्ही दोघी बसमधल्या माणसांकडे न बघता त्या गेलेल्या प्रसंगाकडेच बघत असल्यासारख्या बसून राहिलो.

“चित्रपटात तिसरं माणूस आहे का घरात?” मी शेवटी विचारलं.

“नाही. नावांच्या यादीतही नाही. आणि हे एवढंच नाहीये.”

तिने वही उघडली. अकराव्या मिनिटाला ती बाई पॅसेजच्या टोकाला. चौतिसाव्याला बंद दाराच्या अलीकडे. अठ्ठावन्नाव्याला निम्म्या अंतरावर, एक हात भिंतीला. एकोणऐंशीव्याला पॅसेज जिथे खोलीत उघडतो तिथे, चौकटीशी. तिथे तर पाय दिसत होते. घरात घालायच्या कापडी सपाता, आणि सपातांची टोकं उजेडात. चेहरा कुठेच नाही, तो वर काळोखात. समोर नवरा-बायको पहिल्यांदाच एकत्र जेवत होते, तो तिला पाण्याचा पेला सरकवत होता, आणि तीन हातांवर ही उभी. दोघांनाही पत्ता नाही.

“कॅसेटमध्ये?”

“कॅसेटमध्ये चित्र चौकोनी करायला दोन्ही कडा छाटल्यात. पॅसेजच नाही. डीव्हीडीत पॅसेज आहे, पण काळा. ही ब्लू-रे तिघींत धाकटी, हिच्यात ती दिसते.”

“आणि पाचव्या प्रसंगात?”

ताईने तो लावला. चाळिसावा दिवस. टेबल रिकामं, खोकी बांधलेली, नवरा खुर्चीत. बायको दारात. डावीकडचा पॅसेज स्वच्छ दिसत होता. फरशी, दार, छत्री. कुणी नव्हतं.

मला हायसं वाटलं. “गेली वाटतं परत आत.”

“चार वेळा पुढे पुढे आलेलं माणूस आत कशाला जाईल?” ताई म्हणाली. “ती गेली कुठे, सांग बघू.”

मी खाली येऊन दिवसभर दाराकडे तोंड करून काम केलं.

तिने ब्लू-रे काढणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. ईमेलच, पण ताईचं लिहिणं पत्रासारखंच असायचं, आपलं आरोग्य उत्तम असावं वगैरे. कुठल्या मिनिटाला काय दिसतं याची यादी जोडली आणि ही व्यक्ती कोण आणि शेवटच्या प्रसंगात ती कुठे गेली असं विचारलं. उत्तर येईना. दरम्यान तिने अहवाल पुरा करायला घेतला. कानाला हेडफोन लावून तिन्हींचे आवाज ताडून बघितले. कॅसेटमध्ये नुसती खरखर, डीव्हीडीत आवाज दबका. ब्लू-रेच्या शेवटच्या प्रसंगापुढे तिने लिहिलं होतं, ‘बायकोच्या वाक्यानंतर एक श्वास. कुणाचा ते कळत नाही.’ मी ते वाचलं आणि वही मिटली.

आता घरचं सांगते. हे तिने मला नंतर सांगितलं, काही मी स्वतः बघितलं.

एका संध्याकाळी भावजयीने तिला हॉलमध्ये बसवून घेतलं. “ताई, एक दाखवायचंय. हसू नका हं.”

फोनवर एका विद्यार्थिनीचा निरोप होता. ‘मॅडम, तुमच्या मागे त्या कोण उभ्या असतात? त्या कधीच काही बोलत का नाहीत?’ त्याखाली आणखी एकीचा. ‘मलाही दिसल्या. मी घाबरून विचारलं नाही.’

“तुमचे भाऊ म्हणतात पडद्याची सावली असेल,” भावजय म्हणाली. “पण ताई, मला गेले कित्येक महिने तास घेताना पाठीत गार वाटतं. कुणीतरी आहे असं वाटतं.”

“मग वळून नाही बघितलंस?”

“नाही. वळले आणि खरंच कुणी असलं तर?”

दिवसभर ताई तो दुसऱ्या घरातला पॅसेज बघत होती, आणि आता स्वतःच्या खोलीत जायला तिला आपला पॅसेज ओलांडायचा होता. भावजय म्हणाली, “तुमचं कामच आहे हे. गुरुवारचे तास मी रेकॉर्ड करते ना, ती अकरा रेकॉर्डिंगं देते. बघा ना, काय आहे ते.”

दुसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा वर बोलावलं. एकटीने बघायचं नव्हतं तिला. उजव्या टीव्हीवर तिने भावजयीचा तास लावला. भावजय शिवणयंत्राशी बसून बाहीला चुन्या कशा घालायच्या ते सांगत होती. तिच्या खांद्यामागे पॅसेज. आधी रिकामा. सातव्या मिनिटाला तिथे काळं काहीतरी आलं. आलं म्हणजे चालत आल्याचं दिसलं नाही. नव्हतं, आणि मग होतं.

ताईने उजेड वाढवला. चित्राचे दाणे दाणे झाले, भावजय पांढरीफटक पडली, आणि मागचा काळोख राखाडी झाला. एक बाई उभी होती. सडपातळ. चेहरा कळण्याइतका उजेड नव्हता. डाव्या हाताने उजवं कोपर धरलेलं, मान किंचित कलती. हलत नव्हती. भावजय बोलत होती, सुई वरखाली होत होती, आणि ती बाई तिच्या पाठीकडे बघत उभी.

“कोण असेल गं?” ताई पुटपुटली.

मी तिच्याकडे वळले. ती टीव्हीपासून दोन हातांवर उभी होती. डाव्या हाताने उजवं कोपर धरलेलं. मान किंचित कलती.

मी म्हटलं, “ताई, हात खाली करा.”

“का?”

“करा आधी.”

तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं. मग पडद्याकडे.

“नाही,” ती म्हणाली. “नाही गं. गुरुवारी माझी सुट्टी असते. तिचा तास चालू असतो, मला बाहेर जायचं असतं. कॅमेऱ्यासमोरून मध्येच कसं जाणार? म्हणून मी थांबते. मिनिटभर.”

मी पडद्याखालच्या मिनिटांच्या आकड्यांकडे बोट केलं. सातव्या मिनिटाला आली होती. तास संपला अठ्ठेचाळीसाव्याला, तेव्हाही ती तिथेच होती. एक्केचाळीस मिनिटं. एकदा पाय बदलला, बाकी काही नाही.

तिने अकराच्या अकरा रेकॉर्डिंगं पुढे पळवत बघितली. मला काम होतं, तरी मी उठले नाही. सगळ्यांत ती होती. कमीत कमी एकोणतीस मिनिटं. एकदा तर पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत. सवयीप्रमाणे ती वहीत लिहीत गेली, आकडे एकाखाली एक, अक्षर नेहमीसारखं नीट.

“मला वाटायचं मिनिटभर,” ती पुन्हा म्हणाली. “देवाशपथ. मी उभी राहते, ती बोलत असते, मग ती थांबते, मी जाते. मध्ये काही झाल्याचं आठवतच नाही.”

मग पेन खाली ठेवून तिने एक वाक्य उच्चारलं, आणि ते मला अजून ऐकू येतं. “गुरुवारचं निदान रेकॉर्डिंग आहे. बाकीच्या दिवसांचं काय?”

त्या दिवशी ती घरी गेली ती मुद्दाम पाय वाजवत. भावजय स्वयंपाकघरात होती. ताईने तिच्यासमोर जाऊन सांगितलं, “ती बाई मीच आहे.”

भावजयीला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती हसली, मग हसू अर्धवट राहिलं. “तुम्ही? अहो, मग हाक नाही का मारायची?”

“तुझं काम चालू होतं.”

“एकोणीस वर्षं माझं कामच चालू होतं का, ताई?”

दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग भावजय म्हणाली की सुरुवातीला ती ताईच्या पावलांचा कानोसा घ्यायची, म्हणजे कळेल कुठे आहेत त्या. मग हळूहळू तो आवाजच बंद झाला. नवरा-बायको बोलत असताना कितीदा दारामागे कुणी आहे असं वाटायचं, आणि नवरा म्हणायचा, कुणी नाही गं, ताई आहे. “बघा ना,” भावजय म्हणाली, “कुणी नाही, ताई आहे. आम्ही असंच बोलायचो.” आणि तिला रडू फुटलं.

भाऊ घरी आला. दोघींची तोंडं बघून म्हणाला, “काय झालं?”

“काही नाही,” दोघी एकदम म्हणाल्या. एकोणीस वर्षांत एकदम बोललेलं ते पहिलंच वाक्य असेल, असं ताईने मला नंतर हसत सांगितलं. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

सहा आठवड्यांनी कोरियातून उत्तर आलं. कंपनीने तिचं पत्र चित्रपटाच्या कॅमेरामनला पाठवलं होतं. तो आता ऐंशीच्या घरात. त्याने सांगितलं आणि कंपनीतल्या कुणीतरी ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून पाठवलं. ताईने मला ते मोठ्याने वाचून दाखवलं.

ते घर खरं होतं, भाड्याने घेतलेलं. घरमालकाची म्हातारी आई मागच्या खोलीत राहायची. चित्रीकरण होईपर्यंत तिने लेकीकडे राहायचं ठरलं होतं, पण तिला तिथे करमेना, दुसऱ्याच दिवशी ती गुपचूप परत आली. तिला स्वयंपाकघरात जायचं असायचं आणि वाटेत हे सगळे. ती लेकीकडे निघायच्या आधी, पहिल्याच दिवशी, कुणीतरी मदतनीस तिला म्हणाला होता, आजी, काम चालू असताना हलायचं नाही हं. काम संपलं, आता हला, असं सांगायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. कॅमेऱ्यातून बघताना पॅसेज इतका काळा होता की ती कुणालाच दिसली नाही. नवी आवृत्ती काढताना प्रयोगशाळेतल्या मुलीने फोन करून विचारलं, मागे कोण आहे, पुसून टाकू का? तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं.

‘पुसू नका असं मी म्हणालो,’ त्याने कळवलं होतं. ‘तुम्ही विचारता, शेवटच्या प्रसंगात ती कुठे गेली. ती माझ्या शेजारी होती. त्या दिवशी एक बाई येऊन माझ्या उजव्या कोपराशी उभी राहिली, हे मला आठवतं. मी तिला कलाकारांपैकी कुणाची आई समजलो. ती काही बोलली नाही. फक्त शेवटी बोलली. तो शब्द ध्वनिमुद्रणात आहे. आम्ही तो काढू शकलो नाही.’

ताईने कागद खाली ठेवला. दोन्ही पडदे बंद होते. मला एकदम जाणवलं की कॅमेरा जिथे होता, तिथून आपण बघतो. म्हणजे शेवटच्या प्रसंगात ती पडद्यात नव्हती, कारण ती अलीकडे होती. बघणाऱ्याच्या शेजारी. मी उजवीकडे बघितलं नाही.

ताईने डिस्क घातली. हेडफोनची वायर काढून आवाज खोलीत सोडला. चाळिसावा दिवस. खोकी. बायको दारात उभी राहून तिच्या भाषेत तो शब्द बोलली. खाली आलं, ‘जाऊन येते.’ नवरा गप्प. दार लागण्याआधी, अगदी जवळून, आमच्या दोघींच्या मधूनच आल्यासारखा, एक म्हातारा आवाज. दोन-तीन अक्षरं. ताईने वहीत श्वास म्हणून लिहिलेला तो.

“काय म्हणाली?”

शब्दकोशाची आता गरज नव्हती, तिने तो भाग आधीच पाठ केला होता. जाऊन येते म्हटल्यावर घरातलं माणूस जे म्हणतं तेच. “ये हं,” ताईने सांगितलं. “नवऱ्याने म्हणायचं होतं. तो म्हणाला नाही, म्हणून ती म्हणाली.”

आम्ही ते पुन्हा लावलं नाही.

अहवालात तिने ब्लू-रे ठेवावी आणि डीव्हीडी काढावी असं लिहिलं. कॅसेटविषयी लिहिलं, ‘ही पाहणाऱ्याला ही दोघांचीच गोष्ट वाटेल. ती चूक आहे, तरी ही आवृत्तीही ठेवावी.’ ग्रंथपालसाहेबांनी ‘तरी’ या शब्दाखाली रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलं आणि सही केली. माणूस तसा चांगला आहे.

दोन महिन्यांनी ताईने ग्रंथालयापासून दोन गल्ल्यांवर एक खोली घेतली. घरात त्यावरून बरंच झालं. भाऊ म्हणाला, लोक काय म्हणतील, बहिणीला बाहेर काढली म्हणतील. भावजय तर बोलेनाशीच झाली. “मी काय चुकले?” एवढंच विचारायची. ताई म्हणाली, “तू नाही चुकलीस. मला बसायला शिकायचंय.” ते कुणालाच कळलं नाही, मलाही पुरतं नाही.

पहिले काही आठवडे वाईट गेले. एकदा मी तिच्याकडे चहाला गेले तेव्हा तिने कबूल केलं की स्वतःच्या खोलीतही ती दाराशी उभी राहते. आत कुणी नसतं, कुणाचं काही चालू नसतं, तरी ती चौकटीशी थांबते. भानावर येते तेव्हा चहा निवून गेलेला असतो. तिने भिंतीवरचं घड्याळ दारासमोर लावून घेतलं होतं, म्हणजे किती वेळ गेला ते कळावं. आधी वीस-पंचवीस मिनिटं जायची, मग दहा, मग चार. वहीत लिहून ठेवलं होतं तिने, आकडे एकाखाली एक. सहाव्या आठवड्यापुढे कोरं पान.

“बंद झालं?” मी विचारलं.

“लिहायचं बंद केलं,” ती म्हणाली.

चार महिने भावजय फिरकली नाही. मग एका रविवारी दुपारी, मी तिथेच होते, ती आली. हातात कापडाची घडी. पायऱ्या चढून दमली होती, तरी आधी खोलीवरून नजर फिरवली, कोपऱ्यातली जळमटं बघितली, आणि म्हणाली, “दाराला पडदा नाही तुमच्या, तुमचे भाऊ सांगत होते. येणारा-जाणारा आत डोकावतो. शिवून आणलाय.”

जाड, निळसर, काठाला दुहेरी शिलाई. तिच्या हातचं काम ते, बघायलाच नको. स्टुलावर चढून तिने तो लावला आणि मागे सरून बघितला. पडदा जमिनीपासून चांगला वीतभर वर राहिला होता.

“अगं बाई!” भावजय म्हणाली. “माप तुमच्या भावांकडून मागवलं होतं मी. यांनी दार मोजलं की खिडकी? द्या काढून, खाली पट्टा जोडून आणते.”

“राहू दे,” ताई म्हणाली.

“राहू दे काय? अर्धवट दिसतंय ते. शिवणाच्या बाईने शिवलंय म्हणून सांगायची लाज वाटेल मला.”

“पाय दिसतात ना खालून. बाहेर कुणी उभं असलं तर कळेल.”

भावजयीने स्टूल उचलून जागेवर ठेवलं आणि चहाला किती साखर घालू म्हणून मला विचारलं. एकोणीस वर्षं एका घरात राहिलेल्या त्या दोघींनी दुपारभर खूप भांडण केलं, पडद्यावरून, कपबश्यांवरून, भावाच्या मोजपट्टीवरून, आणि मला मध्ये एक शब्द बोलू दिला नाही. पडदा अजून तसाच आखूड आहे.